कमी पडलेली दोन उधाणं

"तारखेला हात लावू नका," असं दीपकने मला सकाळी नऊ वाजताच बजावलं होतं. मी ऐकलं नाही, कारण सांगणारा दीपक होता.

दीपक म्हणजे आमच्या वाडीच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. पस्तिशीचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला 'ताय' म्हणतो, पण अशा सुरात की त्यापेक्षा सरळ शिवी परवडली. मीही त्याच्याशी गोड बोलत नाही. बारावीनंतर मी दापोलीला शिकायला गेले, तिथेच विद्यापीठात आकडेवारीच्या कामाला लागले आणि तिथेच राहिले. हे त्याच्या लेखी पळून जाणं. तो इथेच राहिला, ते माझ्या लेखी दुसरं काही जमलं नाही म्हणून. एवढी वर्षं हे दोघांनीही पोटात ठेवलं होतं. त्या दिवशी सगळं तोंडावर आलं.

दुपारी तीन वाजता रत्नागिरीत कलेक्टर कचेरीत सुनावणी होती. आमच्या खाडीच्या तोंडाशी कोळंबी सोलण्याचा एक कारखाना आहे. त्याचं धुवणाचं पाणी गेल्या वर्षापासून पाइपने खाडीत येतं, आणि आता त्यांना दुसरा पाइप टाकायचा होता. पहिला आला तेव्हापासून खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, संपत चालल्यात, असं माझ्या आयेचं म्हणणं. आये, म्हणजे आवडाबाई, चाळीस वर्षं ओहोटीला खाडीत उतरते, चिखलातून तिसऱ्या काढते आणि विकते. त्या तिसऱ्यांवर मी शिकले. हरकतीचा अर्ज तिच्या एकटीच्या नावाने उरला होता, कारण बाकीच्या बायका त्याच कारखान्यात सोलायला जायला लागल्या होत्या. मागच्या वेळी अधिकारी बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, तोंडी नको, कागद आणा. आधी किती मिळायचं आणि आता किती मिळतं ते दिसू द्या. आज कागद नसेल तर दुसरा पाइप पडणार आणि आयेची खाडी जाणार, इतकं ते सरळ होतं.

आकडे होते. आये रोजचा माल सोसायटीत आणायची, दीपक वजन करून कॉम्प्युटरवर नोंद करायचा. दोन हंगामांच्या नोंदी होत्या. मला फक्त त्यांचा आलेख काढायचा होता आणि तसले आलेख मी दापोलीत उठता-बसता काढते. पण माझा लॅपटॉप आदल्या दिवशी येताना एसटीच्या रॅकवरून पडला आणि त्याचा पडदा फुटला. राहिला सोसायटीचा डेस्कटॉप. पायथॉन आणि माझा जुना प्रोग्राम पेनड्राइव्हवर होते. आलेख काढणारी लायब्ररी, मॅटप्लॉटलिब, तेवढी नेटवरून उतरवून घ्यायची होती. पाच मिनिटांचं काम आहे, असं मी दीपकला म्हणालेसुद्धा.

"पाच मिंटांचं हाय म्हणे," दीपक आयेला म्हणाला. "बस काकी, टेक जरा."

आये दाराशी भिंतीला टेकून बसली. नेसूचं धुवट लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत अर्जाच्या प्रती. सुनावणीसाठी ती पहाटेच तयार होऊन बसली होती.

सोसायटीची खोली बर्फाच्या खोलीला लागून आहे. भिंतीतून ओल येते आणि खाऱ्या हवेने खिळासुद्धा धड राहत नाही. कॉम्प्युटरवर कुंकवाचं स्वस्तिक, कीबोर्डवर प्लॅस्टिक, आणि पुढचे दोन्ही यूएसबी गंजून गेलेले. मागच्या बाजूला हात घालून पेनड्राइव्ह खुपसला तेव्हा बोटाला पापुद्रे लागले.

"याला कधी पुसत नाही का कोणी?"

"दसऱ्याला," दीपक म्हणाला.

नोंदी कुणा ओळखीच्याने बनवून दिलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये होत्या. पावती नंबर, तारीख, नाव, किलो, शेरा. तारीख ते स्वतःच टाकायचं. मी फाइल बाहेर काढायला घेतली तेव्हा त्याने विचारलं, शेऱ्यासकट हवी का? शेऱ्यात मराठीत काहीबाही लिहिलेलं दिसत होतं आणि माझा जुना प्रोग्राम मराठी अक्षर दिसलं की मान टाकतो. मी 'नको' दाबलं.

"शेरा पण घ्या," दीपक म्हणाला.

"तो कचरा मला नको. मला आकडे हवेत."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "आणि तारखेला हात लावू नका. मशीनच्या."

मी मान डोलावली असेन. पायथॉन चढलं. मोबाइलचं नेट जोडलं, लायब्ररीसाठी ओळ टाकली आणि पडद्यावर लाल अक्षरांची रांग सरकली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. मग मी एकेकाच्या मागे लागले. नेट मंद आहे म्हणून मोबाइल खिडकीत ठेवला. अँटिव्हायरस आडवा येतोय म्हणून तो बंद केला. पायथॉन चुकीचं असेल म्हणून काढून दुसरं घातलं, त्यात पाऊण तास गेला. लाल अक्षरं तीच. दरवेळी पहिले चार शब्द वाचून मी पुढचं सोडून देत होते, कारण पुढचं मला पाठ आहे असा माझा समज होता.

"व्हईल ना गो?" आयेने दारातून विचारलं.

"तू गप्प बस आये. तुला यातलं काय कळतंय?"

"मना नाय कळत. म्हणून इचारतंय."

"लोकांवर कशाला ओरडताव?" दीपक म्हणाला. "पाच मिंटांचे दोन तास झाले ते मशीनमुळं, काकीमुळं नाय."

"मशीनची ही दशा कोणी केली? तूच ना सेक्रेटरी? दोन वर्षांत एक अपडेट नाही, एक पोर्ट धड नाही. कॉम्प्युटर आहे की देव्हारा?"

"आमी अडाणी माणसं. शिकली ती दापोलीला गेली ना."

"गेली, कारण इथे तुमच्यासारख्यांबरोबर सडायचं नव्हतं."

हे मी बोलले. आयेसमोर बोलले. दीपक उठला. बाहेर माशांचे क्रेट आले होते, त्यांच्या वजनाला निघून गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तो गेल्यावर मी पहिल्यांदा ती लाल ओळ शेवटपर्यंत वाचली. पलीकडच्या साइटचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही, असं म्हणत होती. अजून लागू झालेलं नाही? मी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. एकोणीस नोव्हेंबर दोन हजार तेवीस. बाहेर दोन हजार पंचवीसचा मे महिना तापला होता आणि हे मशीन दीड वर्ष मागे बसून होतं. त्याच्या हिशेबाने आजची साइट अजून जन्मलीच नव्हती, म्हणून ते तिला आत घेत नव्हतं.

इतका संताप आला की हसू आलं. तारखेला हात लावू नका! साधं घड्याळ लावता येत नाही आणि वर मला सांगतो. मी तारीख नीट केली, वेळ नीट केली, ओळ टाकली. लायब्ररी दोन मिनिटांत उतरली. एकही लाल अक्षर नाही.

दीपक हात पुसत आत आला तेव्हा मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "घड्याळ चुकलेलं होतं तुझं. दीड वर्षं! एवढंही बघता येत नाही?"

त्याचा चेहरा उतरला. "तारीख बदलली?"

"सुधारली."

मी प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलेख आला. डावीकडे कोपऱ्यात सगळे ठिपके एकावर एक चढलेले होते, एखाद्या डोणीत मासळी ओतावी तसे. उजवीकडचा सगळा पडदा कोरा होता. आयेच्या दोन हंगामांच्या सगळ्या नोंदी, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, एकाच महिन्यातल्या होत्या. नोव्हेंबर दोन हजार तेवीस.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट चालतंय," दीपक भिंतीकडे बघत म्हणाला. "मग कुलूप घालतंय. सोसायटीच्या मीटिंगात तीनदा विषय काढला, कोणी मंजुरी दिली नाय. म्हणून कुलूप पडायच्या आधीच दर म्हैन्याला मी तारीख मागं न्यायचो. पयल्या दिवसावर. परत तीस दिवस."

"आणि नोंदींना तीच खोटी तारीख लागत गेली! दीड वर्षं! हे मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं. नऊ वाजता सांगितलं."

"हात लावू नका सांगितलंस. का ते नाही सांगितलंस."

"तुमी इचारलंव?"

मी विचारलं नव्हतं. तेव्हा मला आठवलं, शेरा. "शेऱ्यात काय लिहायचास?"

"तिथी. काकी तारीख सांगत नाय, तिथी सांगते. चतुर्दशीला गेल्ये, पुनवेला गेल्ये. समदं लिवलेलं व्हतं, म्हैन्यासकट. त्यालाच तुमी कचरा म्हणालंव."

मी घाईने सॉफ्टवेअर उघडलं. लाल चौकट आली. मुदत संपली. तारीख पुन्हा मागे नेली, पुन्हा उघडलं. घड्याळात फेरफार आढळला, संपर्क साधा. संपर्काचा नंबर बंद होता. खऱ्या तारखा त्या कुलपाच्या आत राहिल्या आणि कुलूप मी माझ्या हाताने घातलं. पावणेबारा झाले होते. दीपकवर आणखी काय ओरडावं ते मला सुचेना, आणि तो माझ्याकडे बघत होता ते सहन होईना.

"काय झालं?" आये उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या हातांना नेहमीचा चिखलाचा आणि शिंपल्यांचा वास होता.

"काही राहिलं नाही आये. आकडे आहेत, ओळीने आहेत. पण कुठला कधीचा ते कळत नाही. तारखा सगळ्या खोट्या."

"तारीख कशाला व्हयी? उधाणं मोज की."

"म्हणजे?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझी पहिलीची पाटी आठवली. "आमी उधाणालाच जाताव नाय का? आवसेला नि पुनवेला. पाच-सात दिस. भांगात पाणी धड उतरत नाय, तिसरी उघडी पडत नाय. भांगात कोण जातंय खाडीत? मंग घोळक्यान असतील ना तुझे ते ठिपके. एक घोळका, एक उधाण. मोज."

हे मला लहानपणापासून माहीत होतं. महिन्यातून दोनदा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास आये घरी नसायची, आणि अष्टमीच्या आसपास, भांगात, असायची. पावती नंबर क्रमाने होते. खोट्या तारखांतही दोन दिवसांमधलं अंतर खरंच होतं. फक्त तारीख मागे नेली तो सांधा सोडून.

"तारीख कधी मागे न्यायचास?" मी दीपकला विचारलं. "उधाण चालू असताना मध्येच नेली असशील तर सगळं तुटेल."

"भांगात," तो म्हणाला. "तेव्हाच मना सवड असते."

मी प्रोग्राम बदलायला घेतला. चार दिवसांहून मोठी फट आली किंवा तारीख उलटी गेली की नवं उधाण. खाली तारखांऐवजी उधाणांचे नंबर. दहा मिनिटांत घोळके सुटे झाले आणि आलेख पहिल्यांदाच आलेखासारखा दिसला. पहिल्या हंगामात दिवसाला दहा-अकरा किलो. दुसऱ्यात उतरता उतरता तीन. मला आयेला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही.

मोजली तर उधाणं चोवीस. भिंतीवरचं यंदाचं आणि कपाटातली जुनी पंचांगं काढून दीपकने मोजली, पावसाळे सोडून. अठ्ठावीस.

"चार कमी," मी म्हणाले. "कारखान्याचा वकील हेच पकडेल. म्हणेल, बाई गेलीच नाही."

"दोन शिमग्याची," आये म्हणाली. "दोन सालची दोन. पालखी घरात असताना खाडीत कोण उतरेल?"

मी ती दोन त्यांच्या जागी टाकली. "उरली दोन. आये?"

आये पिशवीचा बंद नीट करायला लागली. दीपकने पंचांग मिटलं. दोघंही माझ्याकडे बघत नव्हते.

"औंदाची माघातली," आये म्हणाली. "तुझ्याकडं व्हते ना मी दापोलीस. म्हैनाभर."

"महिनाभर? चार दिवस होतीस तू."

माघात आये आली होती, हे खरं. येताना डबाभर तिसऱ्या घेऊन आली होती. चौथ्या दिवशी आमचे साहेब जेवायला यायचे होते आणि मी तिला म्हणाले होते, आये, ते बाहेर ठेव, घरभर वास सुटलाय, आणि हात साबणाने नीट धू. दुसऱ्या दिवशी परीक्षेची कामं आहेत सांगून तिला एसटीत बसवून दिलं. ती 'बरं' म्हणाली होती. मी समजत होते ती घरी आली.

"घरी नव्हतीस तर कुठे होतीस?"

"सांगू नको," आये म्हणाली. ते मला नव्हतं, दीपकला होतं.

"सांगणार," दीपक म्हणाला. "सकाळधरनं ही मना अडाणी समजते, मशीनला देव्हारा म्हणते. ऐका ताय. काकी वाडीत घरोघर सांगून गेल्ती, लेकीकडं म्हैनाभर चाललंय म्हणून. पाचव्या दिवशी कुठल्या तोंडान परत येणार? दाभोळची फेरीबोट धरून गुहागरास भैनीकडं गेली. म्हैना भरल्यावर मना फोन केलान, आणि मी गाडीवरनं आणली. त्या म्हैन्यात तुमी फोन केलंव ना? कुठं हायस, असं इचारलंव?"

दोनदा केला होता. बरी आहेस ना, एवढंच विचारलं होतं. ती बरी आहे म्हणाली होती.

"दीपका, तुना शप्पत घातलेली मी," आये म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो सगळा त्याच्यावर होता. माझ्यावर जराही नव्हता, हे मला सोसवेना.

मला दीपकचा तिरस्कार वाटला. त्याने सांगितलं म्हणून, आणि गाडी घेऊन तो गेला म्हणून. मी जायला हवं होतं. मी कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं आणि प्रिंट दिली.

कागद बाहेर आला तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. लायब्ररीला मराठी फॉन्ट सापडला नव्हता. तो शोधत बसायला वेळ नव्हता, एक वाजून गेला होता. दीपकने टेबलावर पेन ठेवलं. मी हाताने लिहायला लागले. वर शीर्षक, डावीकडे किलो, खाली उधाणं. दोन ठिकाणी 'शिमगा'. मग ती माघातली जागा आली आणि पेन थांबलं.

"लिही," आये म्हणाली. "लेकीकडं."

"आये, हे खरं नाही."

"वाडीत तेच सांगितलंय मी. तेच लिही."

मी लिहिलं. लेकीकडे.

तिघं एकाच रिक्षात बसून गेलो.

सुनावणीच्या खोलीत अधिकारी बाईंनी कागद बराच वेळ बघितला. उधाणाचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही, किनाऱ्यावरच्याच असाव्यात. कारखान्याच्या वकिलानेही तो कागद मागून घेतला आणि बोट बरोबर तिथेच ठेवलं. "मॅडम, माल नेमका उतरायला लागला तिथेच दोन उधाणं गायब आहेत. बाई खाडीत जात नसतील तर दोष पाइपचा कसा?"

"ही फट समजली तर मी कागद दाखल करून घेते," बाई म्हणाल्या. "आवडाबाई, इथे 'लेकीकडे' लिहिलंय. किती दिवस होतात?"

"म्हैनाभर," आये म्हणाली. ताठ बसून, मोठ्याने. "दापोलीस. लेक जाऊ देईना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "लेक तुम्हीच?"

"हो."

"महिनाभर तुमच्याकडेच होत्या?"

सकाळपासून मी खोट्या तारखांवरून एका माणसाला सोलून काढत होते. आता कागदावर जेवढं खोटं उरलं होतं, ते फक्त माझ्या नावाचं होतं. आयेने टेबलाखाली हात पुसले, लुगड्याला, दोनदा. मी असताना ती नेहमी तसे पुसते.

"हो," मी म्हणाले. "महिनाभर. मीच जाऊ दिलं नाही."

बाईंनी तसं लिहून घेतलं आणि कागदावर शिक्का मारला. मागच्या बाकावर दीपक बसला होता. मी वळून बघितलं नाही.